गावी गेलं की खोकला थांबतो

मुंबईतल्या बेकरीचा दिवस मध्यरात्रीनंतर सुरू होतो. शटर अर्धवट वर केलेलं, आत ट्यूबलाइटचा उजेड. 50 किलोच्या मैद्याच्या गोणीची शिवण उसवली जाते, दोघं जण ती उचलून मळायच्या मशीनशी नेतात आणि छातीच्या उंचीवरून उलटी करतात. पांढरा लोट उठतो. दिव्याभोवती धुकं धरल्यासारखं होतं आणि समोरचा माणूस क्षणभर अंधुक दिसतो. तळाचा मैदा वाया जाऊ नये म्हणून रिकामी गोणी दोनदा झटकली जाते, की पुन्हा लोट. मशीन चालू होतं तेव्हा पाणी अजून नीट मुरलेलं नसतं, त्यामुळे कोरडं पीठ कडेनं उडत राहतं. गोळे वळायच्या टेबलावर मूठभर पिठी हात लांबवून फेकली जाते. पहाटे पावाच्या लाद्या सायकलवर लादून बाहेर पडतात तेव्हा आत काम केलेल्यांच्या पापण्या, भुवया, मनगटावरचे केस पांढरे झालेले असतात. सगळ्यात शेवटी कोरडा झाडू फिरतो. रात्रभरात जमिनीवर बसलेलं पीठ तो परत हवेत उडवतो.

ही धूळ कुणाला धूळ वाटत नाही. ती अन्न आहे. घराघरात डब्यात भरून ठेवलेली, लक्ष्मी म्हणून पायाखाली न येऊ दिलेली वस्तू छातीत जाऊन घात करेल, हे मनाला पटत नाही. सिमेंटच्या धुळीला माणूस नाक दाबतो, दगडाच्या खाणीतल्या धुळीची भीती आता गावोगावी माहीत आहे. मैद्याच्या बाबतीत मात्र कामगार, मालक आणि पुष्कळदा डॉक्टरही निर्धास्त असतात. या निर्धास्तपणाची किंमत कामगार मोजतो.

आजाराची वाट ठरलेली असते. आधी नाक. कामावर आलं की शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज. सर्दी झाली म्हणून त्याकडे काणाडोळा होतो. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, कोरडा खोकला लागतो. मग छाती आवळल्यासारखी वाटते, जिना चढताना दम लागतो, झोपेत छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. कामगार गल्लीतल्या दवाखान्यात जातो. तिथे खोकल्याचं औषध मिळतं, फार दिवस झाले तर क्षयाची तपासणी होते, आणि मुंबईत ती व्हायलाच हवी. थुंकीत काही सापडत नाही. औषधाची बाटली संपते, खोकला राहतो.

पुढे तो गावी जातो. या शहरातल्या बेकऱ्यांमध्ये उत्तर प्रदेश-बिहारकडची माणसं मोठ्या संख्येनं काम करतात आणि सणाला, शेतीच्या हंगामाला, घरच्या लग्नाला महिना-दोन महिने गावाकडे राहतात. तिथे खोकला थांबतो. झोप लागते. तो म्हणतो, गावची हवा चांगली, मुंबईची मानवत नाही. घरची मंडळीही तेच म्हणतात. परत आल्यावर आठवडाभरात शिट्टी पुन्हा वाजू लागते आणि त्याचा समज पक्का होतो.

त्याच्या या साध्या निरीक्षणात निदान दडलेलं आहे. कामापासून दूर गेलं की बरं वाटणं आणि कामावर परतलं की त्रास उलटणं, ही कामामुळे होणाऱ्या दम्याची पहिली खूण. वैद्यकशास्त्र ती गेली कित्येक दशकं शिकवत आलं आहे. परदेशातला डॉक्टर बेकरी कामगाराला विचारतो, शनिवार-रविवारी बरं वाटतं का? मुंबईत हा प्रश्न निकामी ठरतो, कारण इथल्या बऱ्याच बेकरी कामगारांना सुट्टी असली तरी ठिकाण बदलत नाही. जिथे मळतात तिथेच माळ्यावर झोपतात. सुट्टीच्या दिवशीही अंथरूण, उशी, कपडे त्याच पिठाने भरलेले. इथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे: गावी गेल्यावर खोकला थांबतो का?

या आजाराला बेकर्स अस्थमा असं नावच आहे, आणि त्याचं ज्ञान जुनं आहे. इटलीतल्या मोदेना इथे बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने 1700 साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात बेकर आणि पीठ दळणाऱ्यांचं स्वतंत्र प्रकरण आहे. इतर लोक झोपलेले असताना हे राबतात, उडणारं पीठ श्वासाबरोबर आत जातं, खोकला लागतो, आवाज बसतो, शेवटी दमा जडतो, असं त्याने लिहून ठेवलं. तोंडाला फडकं बांधलं तरी पीठ आत जातंच, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. हिपॉक्रेटिसने रोग्याला विचारायला सांगितलेल्या प्रश्नांत आणखी एकाची भर घाला, असं त्याने वैद्यांना सांगितलं. तो प्रश्न होता, तुम्ही काम काय करता? त्याला सव्वातीनशे वर्षं झाली. आपल्याकडच्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता असतो. कामाचा रकाना असला तरी तो पुष्कळदा कोरा राहतो, किंवा तिथे नुसतं ‘नोकरी’ लिहिलेलं असतं.

पिठात नेमकं काय घडतं, हे नंतरच्या काळात उलगडलं. गव्हातली काही प्रथिनं श्वासनलिकेत वारंवार गेली की काही जणांचं शरीर त्यांना शत्रू मानू लागतं. एकदा अशी अ‍ॅलर्जी जडली की मग थोडंसं पीठही पुरतं. मैद्यात मिसळायच्या ‘इम्प्रूव्हर’ पावडरमध्ये अल्फा-अमायलेज हे विकर असतं. पाव चांगला फुगावा म्हणून ते घालतात आणि ते एका बुरशीपासून काढलेलं असतं. हातात चिमूटभर वाटणारी ही पावडर गव्हाच्या पिठाहूनही जहाल अ‍ॅलर्जी करू शकते, हे 1980च्या दशकात स्पष्ट झालं. सोयाबीनचं पीठ आणि साठवलेल्या धान्यातले सूक्ष्म किडेही यात भर घालतात. कोड्यात टाकणारी एक गोष्ट म्हणजे, ज्याला पिठाच्या वासानेही धाप लागते तो माणूस बहुतेक वेळा भाजलेला पाव बिनघोर खाऊ शकतो. त्यामुळे ‘पाव तर खातोस, मग मैद्याची अ‍ॅलर्जी कसली?’ असं त्याला ऐकवलं जातं आणि त्याच्याकडे उत्तर नसतं.

आणखी एक वाक्य मालकांच्या तोंडी हमखास असतं: आमच्याकडे वीस-वीस वर्षं काम केलेली माणसं आहेत, त्यांना काही झालं नाही. मालक खोटं बोलत नसतो. पण वीस वर्षं टिकले ते ज्यांना सोसलं ते. ज्यांना सोसलं नाही ते दोन-चार वर्षांत काम सोडून गेले, कुणी रिक्षा चालवू लागला, कुणी गावीच राहिला. त्यांची नोंद बेकरीत राहत नाही. शिवाय सगळ्यांना हा आजार होत नाही, म्हणून ज्याला होतो तो कच्चा ठरतो. सोबतचेही म्हणतात, आम्हाला काही होत नाही, तुलाच कसं होतं? अशा वेळी माणूस त्रास लपवतो. इथेच नुकसान पक्कं होतं. लवकर ओळखून धुळीपासून दूर केलं तर बरेच जण सावरतात. त्रास अंगावर काढत वर्षानुवर्षं तेच काम चालू ठेवलं, तर पुढे काम सोडलं तरी दमा सोडत नाही.

मुंबईला धुळीच्या आजाराची ओळख नव्याने करून द्यायची गरज नाही. गिरणगावात कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस होता. त्याची तऱ्हा उलटी: साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर आल्यावर पहिल्याच दिवशी छाती जास्त आवळायची. गिरण्या गेल्या, पण त्या आजाराचं नाव कायद्याच्या यादीत राहिलं, कारण कामगार संख्येने मोठे होते आणि त्यांच्या मागे संघटना होत्या. बेकरी कामगार सात-आठ जणांच्या टोळीने गल्लोगल्ली विखुरलेले आहेत. एका छताखाली हजार माणसं खोकली की ते ऐकू येतं, हजार छतांखाली एकेक जण खोकला तर येत नाही.

मग बेकरीच्या हवेची चर्चा झालीच नाही का? झाली, आणि गाजली. 9 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेबाबत स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत आदेश दिला. लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावं, नवे परवाने स्वच्छ इंधनाच्या अटीवरच द्यावेत. महापालिकेने नोटिसा काढल्या. बेकरीवाल्यांनी मुदतवाढ मागितली, लाकडाच्या भट्टीतल्या पावाच्या चवीवर लेख आले, जुन्या इराणी बेकऱ्यांचं काय होणार म्हणून हळहळ व्यक्त झाली. आदेश योग्यच आहे. लाकडाचा धूर शेजाऱ्यांच्या फुप्फुसांत जातो, आणि भट्टीपुढे उभ्या असलेल्याच्या तर सगळ्यात आधी. भट्टी बदलली तर त्याचाही फायदा आहे.

पण या सगळ्या वादात बेकरीची हवा म्हणजे चिमणीतून बाहेर पडणारी हवा, असंच धरलं गेलं. विजेची भट्टी बसवली तरी गोणी छातीच्या उंचीवरूनच उलटी होणार, झाडू कोरडाच फिरणार. शहराची हवा मोजणारी यंत्रं अडीच आणि दहा मायक्रॉनचे कण मोजतात आणि ती रस्त्यावर, इमारतींवर बसवलेली असतात. नाका-घशात आणि श्वासनलिकेत अडकणाऱ्या पिठाचे कण त्याहून मोठेही असतात, आणि ते बंद खोलीत उडतात. त्यांना मोजायला त्या खोलीत कुणी जात नाही.

ब्रिटनमध्ये हे मोजतात. तिथे पिठाच्या धुळीला आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला 10 मिलिग्रॅम अशी कायदेशीर कमाल मर्यादा आहे आणि पंधरा मिनिटांसाठी 30 मिलिग्रॅमची. त्याखालीही धूळ शक्य तितकी कमी करणं मालकावर बंधनकारक आहे, कारण ती दमा देणारी म्हणून ओळखलेली आहे. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने सुचवलेली मर्यादा याहून कितीतरी कडक आहे: अर्धा मिलिग्रॅम. हे आकडे हातात धरून पाहावेत. काम करणारा माणूस आठ तासांत साधारण 10 घनमीटर हवा आत घेतो असं धरतात. म्हणजे ब्रिटिश मर्यादेच्या टोकाला त्याच्या आत 100 मिलिग्रॅम पीठ जातं, तांदळाच्या चार-पाच दाण्यांच्या वजनाएवढं. अमेरिकी मर्यादेत 5 मिलिग्रॅम, म्हणजे एका दाण्याच्या पावभागाएवढं. गोणी झटकताना डोळ्यांना दिसणारा लोट पाहिला की या दाण्यांच्या हिशेबात आपण कुठे आहोत याचा अंदाज येतो.

आपल्या कारखाने कायद्यात हवेतल्या घातक द्रव्यांच्या मर्यादांची एक अनुसूची होती. सिलिका, अ‍ॅस्बेस्टॉस, सिमेंट, कोळसा त्यात होते. पीठ नव्हतं. आणि असतं तरी गल्लीतल्या बेकरीला ते लागू झालं नसतं. महाराष्ट्राने 2015 साली कारखान्याची व्याख्या बदलून विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान 20 कामगार हवेत असं केलं, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये देशभर लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही हाच आकडा आहे. सात-आठ जणांची बेकरी ‘कारखाना’ ठरतच नाही. दुसऱ्या बाजूला, नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कामातल्या पदार्थांच्या अ‍ॅलर्जीमुळे होणारा दमा व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे हक्क कागदावर आहे. तो मिळवायचा तर दमा कामामुळे झाला असं एखाद्या डॉक्टरने लिहून द्यावं लागतं, आणि गोष्ट पुन्हा त्या कोऱ्या रकान्यापाशी येऊन अडते.

एका ठिकाणी मात्र दार आधीच उघडं आहे. अन्नसुरक्षेच्या 2011 सालच्या परवाना नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून घेणं बंधनकारक आहे. बेकरीही त्यात येते. नोंदणीकृत डॉक्टरने शरीर, डोळे, त्वचा तपासायची, लस टोचली की नाही पाहायचं आणि हा माणूस संसर्गजन्य रोगापासून मुक्त आहे असा दाखला द्यायचा. नियमाचा हेतू चांगला आहे: पावातून कुणाला रोग लागू नये. पण त्या दाखल्यात फक्त खाणाऱ्याची काळजी आहे. कामगाराच्या हातून गिऱ्हाइकाला काय लागेल ते बघितलं जातं, कामातून कामगाराला काय लागलं ते बघितलं जात नाही. वर्षातून एकदा डॉक्टर आणि बेकरी कामगार समोरासमोर येतात आणि छातीला नळी लावून, दोन प्रश्न विचारून होणारं काम राहून जातं. हे चीड आणणारं आहे, कारण ते इतकं सोपं आहे.

त्याच दाखल्यावर चार ओळी वाढवता येतील. कामावर शिंका येतात का, रात्री खोकला-शिट्टी होते का, गावी गेल्यावर थांबतं का, आणि पीक फ्लो मीटरमध्ये मारलेल्या फुंकीचा आकडा. काही शे रुपयांत मिळणारी ही प्लास्टिकची नळी आहे, वीज लागत नाही. संशय आला तर कामगाराने दिवसातून चार वेळा फुंकून आकडे लिहायचे, कामाचे काही आठवडे आणि गावी असतानाचेही. उतरता-चढता आलेख डॉक्टरला सगळं सांगतो. गव्हाच्या आणि अमायलेजच्या अ‍ॅलर्जीची चाचणी मोठ्या रुग्णालयात होऊ शकते. पण वाट फुंकीपासून सुरू होते.

आणि बेकरीत काय करायचं? मास्क द्या, हे उत्तर सगळ्यात आधी सुचतं. चांगला एन-95 मास्क गोणी ओतताना, झाडताना जरूर वापरावा. पण भट्टीच्या उकाड्यात रात्रभर तो तोंडावर कुणी ठेवत नाही, आणि खांद्यावरचा गमछा बांधून बारीक पीठ अडत नाही. धूळ उडूच न देणं हाच खरा उपाय, आणि त्यातलं बरंचसं जवळजवळ फुकट आहे. गोणी उंचावरून न ओतता मशीनच्या कडेला टेकवून सावकाश सोडावी. रिकामी गोणी झटकू नये, तोंडाकडून गुंडाळत आणावी. पाणी आधी घालावं, सुरुवातीची काही मिनिटं मशीन अगदी हळू फिरवावं, त्यावर झाकण असावं. टेबलावर पिठी फेकण्याऐवजी चाळणीने भुरभुरावी, जिथे जमेल तिथे तेलाचा हात लावावा. कोरडा झाडू बंद करून औद्योगिक व्हॅक्यूम आणावा, तो परवडेपर्यंत निदान ओलं पुसून घ्यावं. झोपायचा माळा मळायच्या खोलीपासून वेगळा असावा. पाव स्वस्त ठेवायचा म्हणून नफा तुटपुंजा असतो, हे मालकांचं म्हणणं खरं आहे. पण मशीन तीन मिनिटं हळू फिरवायला पैसे लागत नाहीत.

भट्टी बदलण्यासाठी आज ना उद्या प्रत्येक बेकरीत गवंडी, वायरमन, पालिकेचा माणूस येणारच आहे. जागेची रचना हलणार आहे. मळायच्या मशीनवर हवा ओढणारं हूड बसवायचं, माळा हलवायचा, तर तो याच वेळी. एरवी ही संधी पुन्हा वीस वर्षं येणार नाही. पालिकेने इंधन बदलाची तपासणी करताना त्याच कागदावर धुळीचाही रकाना ठेवावा.

बेकरी हे यातलं मोठं नाव, म्हणून बोलणं तिच्याबद्दल. पण कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत दिवसभर उभा असणारा, ज्याच्या पापण्या लहानपणापासून आपण पांढऱ्याच पाहिल्या, तोही याच हवेत आहे. गोव्यातल्या पोदेरांच्या, म्हणजे पाववाल्यांच्या, भट्टीवर पहाटे पोई-उंडे करणारे आहेत. पोळी-भाजी केंद्रात बसून तासन्‌तास पोळ्या लाटणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या हातातल्या पिठीचा विचार तर कुणी केलेलाच नाही.

डॉक्टरांना एवढीच विनंती. पुढचा खोकणारा रोगी समोर बसला की नाव आणि वयाखाली त्याचं काम लिहा. त्याने बेकरी किंवा गिरणी म्हटलं, तर गावी गेल्यावर खोकला थांबतो का, हे विचारा, आणि तो हो म्हणाला तर तेही केसपेपरवर लिहा.